न आलेला आकडा म्हणजे शून्य नव्हे

पावसाळ्यात परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर बसा, ६५ हा आकडा कानावर पडतोच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी. मग पंचनामे, अहवाल, मदत असं सगळं चक्र फिरायला लागतं. ६४ झाला तर? तर नुसती चर्चा. आणि पावसाचा हा दिवस मध्यरात्री बदलत नाही. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात.

जिंतूर तालुक्यात मामांच्या शेतात आम्ही एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला आहे. निव्वळ हौसेचा, सरकारी नोंदीशी त्याचा संबंध नाही. वर नरसाळं, खाली तराजूसारखी दोन चिमुकली पात्रं. एक भरलं की कलंडतं, रिकामं होतं आणि दुसरं धारेखाली येतं. प्रत्येक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर, म्हणजे ६५ मिलिमीटरला ३२५ वेळा ‘टक’. शेजारच्या बंद डबीत तळहाताएवढा संगणक, त्याला सिमकार्ड, आणि आत पन्नासेक ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी. दर दहा मिनिटांनी ती उठते, आकडा उचलते, भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरकडे पाठवते आणि झोपी जाते. परभणीत घरच्या जुन्या संगणकावर दुसरी स्क्रिप्ट आहे, ती सर्व्हरवरून आकडे ओढून वहीत मांडते. हे सगळं लिनक्सवर चालतं.

त्या पन्नास ओळींतल्या पंचेचाळीस कोणीही दुपारभरात लिहील. उरलेल्या पाचांनी मला दोन पावसाळे छळलं. पलीकडून उत्तर आलं नाही तर किती वेळ वाट बघायची, आणि मग काय समजायचं, एवढंच त्या पाच ओळींत असतं.

दोन संगणकांमधलं संभाषण सुरू होतं ते आपल्या शेतातल्यासारखंच. बांधावरून एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची, पहिल्याने ‘ऐकलं बरं का’ म्हणायचं, आणि मग कामाचं बोलणं. टीसीपी नावाच्या ज्या शिरस्त्यावर आजचं बहुतेक इंटरनेट चालतं, तो सप्टेंबर १९८१ मध्ये लिहून काढला गेला आणि त्यात ही तीन पावलांची सुरुवात ठरवून दिलेली आहे. ओ आली नाही तर? लिनक्स पुन्हा हाक मारतो. पहिल्या हाकेनंतर १ सेकंद थांबून दुसरी, मग २ सेकंद थांबून तिसरी, मग ४, ८, १६, ३२ अशी दर खेपेला दुप्पट वाट बघत एकूण सात हाका. शेवटच्या हाकेनंतर ६४ सेकंद कान देऊन उभा राहतो आणि मग हात टेकतो. बेरीज करून बघा: १२७ सेकंद. दोन मिनिटं आणि वर सात. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, २०२३ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीपासून सुरुवातीच्या काही हाका सारख्या, एकेका सेकंदाच्या अंतराने मारतात. तिथे हीच बेरीज १३१ होते.

ही मुदत मी ठरवलेली नव्हती. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती कुठे लिहिलेलीही नव्हती. कुणीतरी, कधीतरी, साऱ्या जगासाठी मिळून ठरवलेला तो अंदाज होता आणि जिंतूरच्या शेतात तो माझ्या नावावर चालू होता.

तसं पाहिलं तर नकाराच्याही जाती आहेत. कर्ल हे निरोप पोचवणारं छोटं अवजार (स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं, १९९८ पासूनचं) काम फसलं की जाताना एक क्रमांक सांगून जातं. ६ म्हणजे ज्या नावाने हाक मारायची ते नावच सापडलं नाही. ७ म्हणजे बहुधा दारापर्यंत पोचलो, पण आतून कडी, नाही म्हणाले. हा नकार क्षणात येतो आणि खरं तर तो उपकारच असतो, कारण पलीकडे कोणीतरी जागं आहे हे त्यावरून कळतं. २८ म्हणजे काहीच नाही. होही नाही, नाहीही नाही. ठरलेली वेळ संपली. सर्व्हर बंद पडला असेल, वाटेतला टॉवर विजेअभावी मेला असेल, रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली असेल, किंवा सगळं धडधाकट असेल आणि उत्तर फक्त उशिरा निघालं असेल. ऐकणाऱ्याला या चारही गोष्टी हुबेहूब सारख्याच ऐकू येतात. मेलेल्याची शांतता आणि रेंगाळलेल्याची शांतता वेगळी ओळखता येत नाही, हे संगणकशास्त्रातलं एक फार जुनं आणि अजून न सुटलेलं दुखणं आहे.

मग वाट किती बघावी याला काही नैसर्गिक माप आहे का? खालची बाजू तरी आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. परभणीहून मुंबई सरळ रेषेत साधारण ४०० किलोमीटर. जाऊन येऊन ८००, म्हणजे ४ मिलिसेकंद. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण लहानपणापासून छाती फुगवून म्हणतो, पण या दोन टोकांमधलं अंतर निरोपाच्या हिशेबाने कोणी मोजलंय का? फ्रँकफर्ट इथून सरळ रेषेत ६,८०० किलोमीटर. जाऊन येऊन किमान ६८ मिलिसेकंद. याहून लवकर ओ येणं निसर्गनियमात बसत नाही. प्रत्यक्षात केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र असा वळसा घालत जाते, तेव्हा याच्या दुप्पट धरा. पापणी लवायलाही साधारण एवढा वेळ लागतोच. भूस्थिर उपग्रहातून गेलं तर मात्र चित्र बदलतं: तो ३५,७८६ किलोमीटर वर, प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तर वर जाऊन खाली यायचं, सगळं मिळून अर्ध्या सेकंदाच्या आसपास. खालची मर्यादा ही अशी प्रकाशाने आखलेली आहे. वरची मर्यादा कोणी आखलेलीच नाही.

ती न आखल्याने काय होतं, हे साऱ्या इंटरनेटने एकदा भोगलं आहे. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर ४०० यार्डांचं, आपल्याकडे बसस्टँडपासून पुढच्या चौकापर्यंत असावं तेवढं. त्या मार्गावरची गती सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आली. आठशे पटींनी कमी. व्हॅन जेकबसन तिथे काम करत होते. मायकेल कॅरल्स यांच्याबरोबर त्यांनी कारण शोधलं. केबल कुठेही तुटली नव्हती, संगणकच उतावीळ झाले होते. उत्तराला जरा उशीर झाला की ‘निरोप हरवला’ असं समजून ते तोच निरोप पुन्हा पाठवत, त्याने रस्ता आणखी तुंबे, उत्तराला आणखी उशीर होई, मग आणखी पुन्हा पाठवणं. तुंबलेल्या फाटकापाशी मागचे सगळे हॉर्न वाजवत पुढे घुसतात, तसंच.

१९८८ मध्ये छापलेल्या त्यांच्या उपायातला एक भाग मला फार आवडतो, कारण तो एसटीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतो. गंगाखेडहून येणारी गाडी एरवी किती वेळात येते एवढं माहीत असून भागत नाही. ती किती लहरी आहे हेही माहीत लागतं. रोज पाऊण तासाला दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे करून येणारी गाडी तासाभरात आली नाही, तर नक्की काहीतरी झालंय. पण कधी अर्ध्या तासात आणि कधी दीड तासात येणाऱ्या गाडीसाठी तासाभराने काळजी करत बसणं वेडेपणाचं. जेकबसन यांनी प्रत्येक जोडणीला दोन गोष्टी सतत मोजायला लावल्या: सरासरी वेळ, आणि त्या सरासरीपासूनचं सरासरी हेलकावणं. मुदत म्हणजे सरासरी अधिक, पुढे पक्क्या झालेल्या रूपात, हेलकाव्याच्या चौपट. किरकोळ फेरफार सोडले तर आज तुमच्या खिशातला फोन हेच गणित करतो, सेकंदाला कित्येकदा. आणि तरीही मुदत संपलीच तर पुढची वाट दुप्पट. वर सांगितलेल्या १, २, ४, ८ चं मूळ या संयमात आहे.

पण हे झालं कर्नेलच्या पोटातलं. स्क्रिप्ट लिहिणारा त्याच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि तिथे असा कोणी जेकबसन बसलेला नाही. तिथे मोजायचं आपणच.

पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सहाला चहा घेऊन घरच्या संगणकासमोर बसलो, तर तो हलेना. कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटायला चार सेकंद. कशीबशी चालू कामांची यादी मागवली. एकाखाली एक, हुबेहूब सारख्या ओळी: डब्ल्यूगेट, डब्ल्यूगेट, डब्ल्यूगेट. मोजल्या, तीस भरल्या. फक्त सुरुवातीची वेळ वेगळी, एक वाजून दहा मिनिटं, एक वीस, एक तीस, अशी सहा वाजेपर्यंत. कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत वाढपी गेला आणि परत आलाच नाही, तशा त्या बसल्या होत्या.

हिशेब नंतर लागला. आकडे ओढून आणणाऱ्या डब्ल्यूगेट या अवजाराला मी वेळेचं काही सांगितलंच नव्हतं. न सांगितलं तर एकदा जोडणी झाल्यावर ते उत्तराची १५ मिनिटं वाट बघतं, आणि तेवढ्यात नाही आलं तर पुन्हा, असं एकूण वीस वेळा. पंधरा विसे तीनशे मिनिटं: पाच तास. रात्री एकच्या सुमाराला सर्व्हरवरचा प्रोग्रॅम अडकला. पण त्या यंत्राचा कर्नेल जागाच असल्याने हाकेला ओ मिळत होती, पुढचं बोलणं तेवढं होत नव्हतं. इकडे ठरल्या वेळी कामं उठवणारा क्रॉन दर दहा मिनिटांनी इमानदारीत नवी स्क्रिप्ट उठवत होता. पाच तासांत दहा-दहा मिनिटांच्या तीस खेपा. तीस ओळी. एकही चुकीची नाही, सगळ्या सांगितल्या कामाला चिकटून.

त्या दिवशी शिकलो ते असं की वाट बघण्याची किमान दोन वेगळी घड्याळं लागतात. एक हाकेला ओ येईपर्यंतचं, दुसरं सगळं काम उरकेपर्यंतचं. कर्लमध्ये दोन आडव्या रेघा देऊन ‘कनेक्ट-टाइमआउट’ लिहिलं की पहिलं घड्याळ लागतं, ‘मॅक्स-टाइम’ लिहिलं की दुसरं. न लिहिलं तर पहिल्याची मुदत कर्ल स्वतःपुरती ५ मिनिटं धरतं आणि दुसऱ्याला मुदतच नसते. तिसरंही एक आहे, मोठी फाइल उतरवताना उपयोगी पडणारं: गती अमुक बाइटच्या खाली अमुक सेकंद राहिली तर सोडून दे. थेंब-थेंब गळणारा नळ चालू म्हणायचा की बंद, याचा निकाल ते लावतं.

ज्या अवजाराला स्वतःचं घड्याळच नाही, त्याच्यासाठी ‘टाइमआउट’ नावाचीच एक आज्ञा आहे. मूळ आज्ञेच्या आधी टाइमआउट ३० लिहायचं. तीस सेकंदांत काम संपलं नाही तर ती त्या कामाला सौम्यपणे ‘आवरा’ म्हणते आणि स्वतः १२४ हा क्रमांक देऊन बाहेर पडते. तरी न आवरणाऱ्यांसाठी ‘के’चा पर्याय, काही सेकंदांची आणखी सवलत, मग सरळ गळा दाबायचा, आणि क्रमांक १३७. १३७ का, तर मारायच्या संकेताचा क्रमांक ९ आणि १२८ मिळवायची जुनी रीत. पॉड्रिग ब्रेडी यांनी लिहिलेली ही आज्ञा ग्नू प्रकल्पाच्या मूळ अवजारांच्या संचात आली २००८ मध्ये. अशा स्क्रिप्टा चालवणारं बोर्न यांचं शेल १९७९ चं. म्हणजे जवळपास तीस वर्षं लोकांनी हे काम हाताने केलं: आज्ञा पार्श्वभूमीला ढकलायची, शेजारी दुसरी ‘स्लीप’ झोपवायची, ती उठली की पहिलीला मारायचं. त्यातली गंमत अशी की पहिली आधीच संपली असेल आणि तिचा क्रमांक दुसऱ्याच एखाद्या बिचाऱ्या कामाला मिळाला असेल, तर मार त्याला बसायचा.

काही कामं मात्र ९ नंबरलाही दाद देत नाहीत. दूरच्या संगणकावरची डिस्क जुन्या पद्धतीने जोडलेली असेल आणि तो संगणक गेला, तर तिच्यावर टेकलेलं काम कर्नेलच्या खोल झोपेत जाऊ शकतं. तिथे मारायचा संकेतही दाराशी ताटकळतो. अशा वेळी टाइमआउट ज्याला ‘आवरा’ म्हणणार, त्याच्यापर्यंत ते म्हणणंच पोचत नाही.

आता ६५ कडे परत नेणारं वळण. घड्याळं बसवली, तीस ओळी पुन्हा दिसल्या नाहीत, मी खूश. आठवड्याने मामांचा फोन: ‘भाच्या, तुझं मशीन म्हणतंय काल पाऊसच नाही. इथं ओढा वाहून राहिला.’ वही उघडली. रात्रभराच्या रकान्यांत आकडे, मध्ये तीन तास पोकळी, आणि तळाला बेरीज मात्र झोकात दिलेली. मुदत संपली की स्क्रिप्ट रिकामी ओळ लिहीत होती आणि बेरीज करणारं ऑक नावाचं अवजार रिकाम्या जागेला शून्य समजत होतं. ते त्याच्या स्वभावातच आहे, त्याचा दोष नाही. पाऊस पडला नाही आणि पावसाचा आकडा आला नाही, या दोन गोष्टी मी एकाच रकान्यात घातल्या होत्या. रेंज जाते ती बहुतेक वेळा वीज कडाडते, झाडं पडतात, वीजपुरवठा खंडित होतो तेव्हाच. म्हणजे नेमक्या मुसळधार पावसाच्या तासांचं माझी वही शून्य करत होती.

माझी वही कोण विचारतो, ते सोडा. पण राज्यात महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. परभणीच्या कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. सोयाबीन काढायचं की दोन दिवस थांबायचं हे ठरवणारा माणूस कुठल्यातरी आकड्याकडे बघतच असतो. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला परभणी-हिंगोलीत जो पाऊस कोसळला, तसल्या रात्री एकेका तासाच्या नोंदीला किंमत येते. म्हणून आता माझ्या स्क्रिप्टमध्ये कर्लचा २८ आला तर रकान्यात ‘आला नाही’ असे शब्द पडतात, आणि एकही असा रकाना शिल्लक असेल तर खाली बेरीजच छापली जात नाही. वही कुरूप दिसते. दिसू दे.

दुसरा धडा उलट्या बाजूचा. एका सकाळी बेरीज आली ८० च्या वर, आणि शेजारच्या शिवारात मोजून पाहिलं तर पन्नासही नाही. शेतातली स्क्रिप्ट दर खेपेला ‘आणखी १२ वेळा कलंडलं’ असं कळवत होती. निरोप पोचला, सर्व्हरने १२ मिळवले, ‘मिळवले’ हे उत्तर परत येताना वाटेत हरवलं. इकडे मुदत संपली. स्क्रिप्टने शहाण्यासारखं पुन्हा पाठवलं. सर्व्हरने पुन्हा मिळवले. सुविधा केंद्रात बसलेल्या कोणालाही हे दुखणं ओळखीचं वाटेल: खात्यातून पैसे कापले, पावती आली नाही, चक्र गोल-गोल फिरतंय. आता पुन्हा बटण दाबायचं का? मुदत संपली म्हणजे काम झालं नाही, असं मुळीच नाही. मुदत संपली याचा अर्थ एवढाच, की काम झालं की नाही हे मला माहीत नाही. दोन टेकड्यांवरच्या दोन सेनापतींचं जे कोडं सत्तरच्या दशकापासून संगणकशास्त्रात मांडलं जातं, ते हेच: जासूद वाटेत पकडला जाण्याची शक्यता असेल तर कितीही उत्तरं-प्रत्युत्तरं पाठवा, दोघांनाही एकाच वेळी पक्की खात्री कधीच होत नाही. हे कोणाच्या आळसामुळे अडलेलं नाही, तसं होऊच शकत नाही याची सिद्धता आहे.

खात्री मिळणार नसेल तर दुसऱ्यांदा पाठवल्याने नुकसान होणार नाही असं काम करावं. तेव्हापासून शेतातली स्क्रिप्ट ‘आणखी १२’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘२ वाजून १० मिनिटांनी मापकावरचा एकूण आकडा १८४.’ हे वाक्य सर्व्हरने एकदा ऐकलं काय आणि सात वेळा ऐकलं काय, २ वाजून १० च्या रकान्यात १८४ च राहतात. वीजमीटरचं रीडिंग घेणारा नेमकं हेच करतो आणि त्याला कोणी संगणकशास्त्र शिकवलेलं नसतं. निरोप नाही गेला तर तो डबीतच ठेवायचा आणि रेंज आली की पाठवायचा. १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपमध्येही शेतात नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून नंतर अपलोड करता येते. ती सोय ज्याने विचारपूर्वक घातली त्याला शिवारातली रेंज माहीत असणार.

राहिला प्रश्न पुन्हा हाक कधी मारायची याचा. इथे आणखी एक नवल आहे, आणि ते हवाईतून आलं. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या मंडळींनी १९७१ मध्ये हवाईच्या बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. दोघं एकदम बोलले की दोघांचंही बोलणं वाया. मग दोघांनी थांबून पुन्हा बोलायचं; पण दोघंही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर, आणि पुन्हा. उपाय असा की प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबायचं. शिस्त मोडल्यानेच रांग लागते. मेटकाफ आणि बॉग्स यांच्या १९७६ च्या इथरनेटमध्ये हीच लहर, आणि जोडीला दर टक्करीगणिक दुप्पट होणारी कमाल मर्यादा.

अर्ज भरायची मुदत संपत आलेली रात्र आठवा. जिल्ह्यातल्या प्रत्येक सेंटरवर रांग, आणि पोर्टल दोन मिनिटं बंद पडून चालू झालं की सगळे एकदम बटण दाबतात. ते पुन्हा झोपतं. माणसांचे निदान हात थकतात म्हणून तरी वेळ मागे-पुढे होते. स्क्रिप्टा तर क्रॉनच्या एकाच ठोक्याला उठतात: बरोबर दहा, बरोबर वीस, बरोबर तीस. म्हणून बॅश या शेलमध्ये ‘रँडम’ म्हणून जो शून्य ते ३२,७६७ मधला कुठलाही आकडा मिळतो, त्याला वीसने भागून बाकी उरेल तेवढे सेकंद माझी स्क्रिप्ट आधी झोप काढते आणि मग हाक मारते. फक्त एक डबी असताना याची गरज नव्हती. आता शेजारच्या तीन शेतांत तशाच डब्या आहेत.

रेल्वेच्या नियमांत वाट बघण्याच्या मुदतीचं एक देखणं रूप सापडतं. स्वयंचलित सिग्नलच्या मार्गावर तांबडा दिवा दिसला की चालकाने गाडी थांबवायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट बघायची, आणि तरी दिवा बदलला नाही तर शिटी वाजवून, पुढे गाडी उभी असेलच असं धरून, हळूहळू पुढे सरकायचं. मुदत ठरलेली, रात्रीची वेगळी, आणि मुदत संपल्यावर ‘रस्ता मोकळा आहे’ असं समजायचं नाही हेही ठरलेलं. शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने वाचावा असा नियम.

माझे सध्याचे आकडे असे. आठवडाभर मोजलं तेव्हा शेतातून मारलेल्या हाकेला ओ एरवी एका सेकंदाच्या आत येत होती, भरून आलेल्या दिवशी चार ते सहा सेकंदांत. म्हणून ओ येण्यासाठी १० सेकंद, सगळ्या कामाला ३०. तीन खेपा, मध्ये आधी २० आणि मग ४० सेकंदांपर्यंतची लहरी विश्रांती. सगळं मिळून अडीच-तीन मिनिटांत आटोपतं आणि पुढच्या दहा मिनिटांच्या ठोक्याला जागा मोकळी राहते. वर ‘एफलॉक’चं कुलूप, म्हणजे आधीची स्क्रिप्ट आत असेल तर नवी दारावरूनच परत जाते. दुसऱ्या कोणाच्या शेतात हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तिथला टॉवर वेगळा, तिथली हवा वेगळी.

कालची रात्र नोंदवहीत अशी दिसते. २ वाजून १० मिनिटं: २८, २८, २८, डबीत ठेवलं. २ वाजून २०: तेच. २:३०, २:४० आणि २:५० लाही तेच. ३ वाजून ० मिनिटं आणि ११ सेकंद: पहिल्याच हाकेला ओ, क्रमांक शून्य, मागचे पाच आणि ताजा एक असे सहा निरोप एका दमात गेले. घरच्या वहीतले पाच ‘आला नाही’ पुसले जाऊन तिथे आकडे आले. साडेआठला बेरीज छापली गेली: ३०७ वेळा कलंडलं, ६१.४ मिलिमीटर.

आठ पस्तीसला मामांचा फोन. ‘किती झाला?’

सांगितलं.

‘म्हणजे पासष्टला कमीच पडला म्हण की,’ मामा म्हणाले, आणि ओढ्याचं पाणी उतरलं का ते बघायला गेले.